१९४८ : समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली, की त्यांना सोडायला लावली?

धागाकर्ता

काँग्रेसमधील मवाळ आणि पुरोगामी यांच्या भांडणाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा १९०७ च्या सुरत अधिवेशनापाशी जाते आणि तिथेच घुटमळते. माझ्या मते त्याहून दूरगामी फूट मार्च १९४८ मध्ये नाशिकला पडली. ज्या नाशिकच्या तुरुंगात १९३२-३३ साली काँग्रेस समाजवादी पक्षाची (काँग्रेसच्या आतच काम करणाऱ्या समाजवादी गटाची) कल्पना आकाराला आली, त्याच नाशकात भरलेल्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसबाहेर पडण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय तत्त्वाला धरून होता, पण राजकारण म्हणून तो फसला, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेर पडण्याची ही सवय त्यांना त्याआधीच जडली होती. १९४६ मध्ये त्यांनी संविधानसभेवर बहिष्कार टाकला. त्यामुळे मालमत्तेच्या हक्काची आणि जमीनदारांना द्यायच्या भरपाईची कलमे ठरत असताना, ज्यांनी आयुष्यभर कूळ आणि शेतमजूर यांचा विचार केला तीच माणसे सभागृहाबाहेर होती. पुढे १९५१-५२ च्या निवडणुकीत समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून थोडी अधिक मते आणि लोकसभेच्या अवघ्या १२ जागा मिळाल्या, काँग्रेसला ३६४. पटेल, राजेंद्रप्रसाद, पंत यांच्यासारख्या नेमस्तांना तोलून धरणारे पारडेच काँग्रेसमधून उचलले गेले आणि नेहरू एकटे पडले.

गोदाकाठ

धागाकर्त्यांनी ‘निर्णय घेतला’ असे लिहिले आहे, ते अर्धसत्य आहे. गांधीजींच्या हत्येनंतर समाजवाद्यांचे नेते जयप्रकाश नारायण यांनी पटेलांकडे असलेल्या गृहखात्याच्या हलगर्जीपणावर उघड टीका केली, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच स्वतंत्र सदस्यत्व आणि स्वतंत्र घटना असलेल्या कोणत्याही गटाला काँग्रेसमध्ये राहता येणार नाही, असा नियम पक्षाने केला. घर सोडून गेलेल्या माणसाला दोष देताना कुलूप कोणी बदलले, हेही पाहावे लागते.

आणि ते गेले कसे, तेही पाहावे. उत्तर प्रदेशात समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विधानसभेचे राजीनामे दिले, कारण आपण काँग्रेसच्या नावावर निवडून आलो आहोत, तेव्हा ती जागा आपली नाही, अशी त्यांची भूमिका होती. पक्षांतरबंदीचा कायदा तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. फैजाबादच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्यासमोर बाबा राघवदास यांना उभे केले. हे बाबा मूळचे पुण्याचे, पूर्व उत्तर प्रदेशात साधुवृत्तीने सेवाकार्य करणारे. अयोध्येच्या परिसरात आचार्य नास्तिक आहेत, रामाला मानत नाहीत, असा प्रचार झाला आणि आचार्य हरले. या बौद्ध तत्त्वज्ञानाच्या पंडिताला जो पक्ष असा पाडतो, त्या पक्षात राहून पुरोगाम्यांनी नक्की काय तोलून धरायचे होते?

मधली वाट

फैजाबादच्या प्रचाराचे समर्थन मी करणार नाही. तो लाजिरवाणाच होता. परंतु मवाळांची बाजू नेहमी सत्तालोभाची म्हणून रंगवली जाते, ते मला पटत नाही. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेस हे आंदोलन होते, आणि आंदोलनात जमीनदारापासून मार्क्सवाद्यापर्यंत सगळे मावतात. सरकार चालवायचे म्हटले की एका पक्षात दोन कार्यकारिण्या आणि दोन निष्ठा चालत नाहीत, हा पटेलांचा मुद्दा व्यवहाराचा होता. शिवाय हेच तत्त्व समाजवाद्यांनी १९४० च्या सुमारास स्वतःच्या घरात लावले होते : कम्युनिस्टांना त्यांनी याच कारणासाठी बाहेर काढले. आणि १९७९ मध्ये जनता पक्षात रा. स्व. संघाच्या संदर्भात दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न (एकाच वेळी पक्षाचे आणि संघाचेही सदस्य राहावे का, हा) लावून धरला तो समाजवादी मधू लिमये यांनी. म्हणजे १९४८ मध्ये जो नियम अन्यायाचा होता, तोच तीस वर्षांनी तत्त्वाचा ठरला!

खानदेशी

आमच्या फैजपूरचा उल्लेख अजून कसा झाला नाही, याचे नवल वाटते. १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन ते हेच. नंदलाल बोस यांनी तिथल्या नगराची सजावट बांबूसारख्या साध्या गावठी साहित्यातून उभी केली होती. सारा (सरकारी जमीन महसूल) आणि खंड (कुळाने जमीनमालकाला द्यायची रक्कम) कमी करावा, शेतकऱ्याच्या कर्जाला दिलासा द्यावा, असा शेतीविषयक कार्यक्रम तिथे मंजूर झाला. त्याच वर्षीच्या जूनअखेर पटेल, राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी आदींनी नेहरूंच्या समाजवादी भाषणांना कंटाळून कार्यकारिणीचे राजीनामे दिले होते आणि गांधीजींच्या मध्यस्थीनंतर ते मागे घेतले होते. म्हणजे भांडण टोकाला गेलेले असूनही ठराव होत होते. जयप्रकाश, नरेंद्र देव आणि अच्युत पटवर्धन कार्यकारिणीत होते, याचा काही तरी परिणाम नक्कीच होता.

माझे आजोबा राष्ट्र सेवा दलातले, म्हणजे समाजवाद्यांच्या गोटातले. १९५२ च्या मतदानात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर निवडणूक चिन्ह चिकटवलेले असे. आजोबा सांगत, की एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बैलजोडीची (काँग्रेसची) आणि झाडाची (समाजवादी पक्षाची) अशा दोन पेट्या पाहून त्यांना विचारले, “बेचाळीसला तर तुम्ही एकाच गाडीत बसून तुरुंगात गेला होता ना?” आजोबांकडे त्याचे उत्तर नव्हते, आणि मत बैलजोडीच्या पेटीत पडले असणार, याची त्यांना खात्री होती.

गोदाकाठ

फैजपूरच्या ठरावांचे पुढे काय झाले, हेही सांगावे. १९३७ च्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी त्यातले किती अमलात आणले, याचा बिहारच्या किसान सभेला आलेला अनुभव कडवट आहे.

आत राहिलेल्यांचेही पाहू. चंद्रशेखर प्रजासमाजवादी पक्षातून (समाजवादी पक्षाच्या पुढच्या अवतारातून) काँग्रेसमध्ये गेले आणि पुण्याच्या मोहन धारियांबरोबर ‘तरुण तुर्क’ म्हणून गाजले. इंदिरा गांधींना सिंडिकेटशी (काँग्रेसमधील जुन्या बड्या नेत्यांच्या गटाशी) लढायचे होते तोवर त्यांची गरज होती. १६ जुलै १९६९ रोजी मोरारजींचे अर्थखाते गेले आणि तीन दिवसांत १४ बँका सरकारी झाल्या. मार्च १९७५ मध्ये जयप्रकाशांशी बोलणी करावीत असे म्हटल्याबद्दल धारियांना मंत्रिमंडळातून काढले गेले, आणि जूनमध्ये चंद्रशेखर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य असतानाच तुरुंगात गेले.

धागाकर्ता

ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत, असे मी म्हणेन. वापर झाला हे खरे, पण बँका सरकारी झाल्या आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. बाहेरून इतके कोणाला करून घेता आले? तनख्यांसाठी घटनादुरुस्ती लागत होती, आणि तिच्यासाठी संसदेत लागणारे बहुमत तेव्हा एकाच पक्षाला गोळा करता येत होते. महाराष्ट्रात शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांनीही १९४८ मध्येच काँग्रेसबाहेर शेतकरी कामगार पक्ष उभा केला. जेधे काही वर्षांत परतले, ते का, याचा विचार ‘कुलूप बदलले’ म्हणणाऱ्यांनी करावा.

नियम आणि जयप्रकाशांची टीका यांचा क्रम मात्र गोदाकाठ यांनी योग्य दाखवला आहे, तेवढी दुरुस्ती मी मान्य करतो.

मधली वाट

संयुक्त महाराष्ट्र समितीचे काय? १९५७ मध्ये एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे हे समाजवादी नेते काँग्रेसमध्ये असते, तर त्यांना काँग्रेसच्या शंकरराव देव आणि देवगिरीकर यांच्याप्रमाणे श्रेष्ठींच्या शिस्तीत अडकून पडावे लागले असते. तिथे बाहेर असणेच कामी आले, आणि हे मी मवाळांची बाजू घेणारा असूनही लिहीत आहे.