मदत हवी आहे: सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने अर्ध्या लिटरला जमलेले कण 20 लिटरला बिघडताहेत

नमस्कार मंडळी,

सुपरक्रिटिकल (दाब-तापमानामुळे वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेतला) कार्बन डायऑक्साइड अँटिसॉल्व्हंट म्हणून वापरून एका औषधी संयुगाचे सूक्ष्म कण बनवतो आहे, म्हणजे तो द्रावणात मिसळला की विरघळलेलं संयुग कण होऊन बाहेर पडतं. अर्ध्या लिटरच्या व्हेसलमध्ये (दाबाच्या भांड्यात) सगळं बसलं होतं: 40 अंश सेल्सिअस, 100 बार, 100 मायक्रॉनचं नोझल, अ‍ॅसिटोनमधलं द्रावण मिनिटाला 1 मिली, कार्बन डायऑक्साइड मिनिटाला 30 ग्रॅम. कण 2 मायक्रॉनच्या आसपास, दर बॅचला तसेच.

आता 20 लिटरच्या पायलटवर (चाचणीच्या मोठ्या संचावर) आलोय. दोन्ही प्रवाह 40 पट केले, म्हणजे त्यांचं प्रमाण तेच आणि व्हेसलमधला सरासरी मुक्कामही तोच, 10 मिनिटं. तरी 2 ते 30 मायक्रॉनची सरमिसळ मिळते आणि फिल्टरवर घट्ट थर बसतो.

खरी अडचण नोझलची. जेटचा वेग तोच ठेवायचा तर व्यास 630 मायक्रॉन येतो, पण रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा आकडा) सहापट होतो. रेनॉल्ड्स अंक सारखा ठेवायचा तर भोक 4 मिलिमीटरचं आणि वेग चाळिसाव्या हिश्शावर, म्हणजे फवारा उरतच नाही, नुसती धार. सध्या 630 चं लावलंय. मला वाटतं, जपायला हवा तो मिसळण्याचा वेळ. जाड जेटच्या गाभ्यात कार्बन डायऑक्साइड पोचेपर्यंत कडेला कण जन्मून वाढायलाही लागतात. मग 100 मायक्रॉनची 40 नोझलं समांतर लावावीत का? त्यातलं एखादं चोंदलं तर बाकीची तो प्रवाह वाटून घेतात, प्रेशर गेजवर जेमतेम फरक पडतो. ते ओळखायचं कसं?

तापमानावरही संशय आहे. 100 बारला 40 चे 45 अंश झाले की कार्बन डायऑक्साइडची घनता घनमीटरला सुमारे 630 वरून 500 किलोवर येते. मोठ्या व्हेसलला दर लिटरमागे भिंत साडेतीनपट कमी, त्यामुळे जॅकेटने (भिंतीभोवतीच्या तापवणाऱ्या आवरणाने) आतलं तापमान सारखं राहत नसावं. आत थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) एकच आहे, तेही वर.

शेवटी दाब न उतरवता अर्धा तास नुसत्या कार्बन डायऑक्साइडने धुतो. लॅबमध्ये तेवढं पुरायचं. इथे थराच्या तळाच्या नमुन्यात अ‍ॅसिटोन 5000 पीपीएमच्या वर निघालं. वेळ वाढवू, की थरच पातळ ठेवू?

ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सांगा: आधी नोझल बदलू की थर्मोकपल वाढवू? पुढच्या आठवड्यात एकाच बदलाला वेळ आहे.