भाजीबाजाराचा संवाद पाठ होतो, इंग्रजीत बोलणं होत नाही

प्रश्न
मराठी माध्यम, सहावी, पट ४२, तास ३५ मिनिटांचा. खाण्यापिण्याचे इंग्रजी शब्द यावेत म्हणून दुकानदार-गिऱ्हाईक असं नाट्यीकरण घेते. फळ्यावरचा दहा ओळींचा संवाद मुलं घडाघडा म्हणतात. पण बटाट्याऐवजी कांदे मागायला सांगितलं की गप्प. काय बदलू?

उत्तर १
ताई, आधी तो संवाद पुसा. दुकानदार काय बोलणार हे गिऱ्हाइकाला ठाऊकच असेल, तर ते विचारेल कशाला? दोघांना वेगळ्या चिठ्ठ्या द्या. गिऱ्हाइकाकडे यादी: अर्धा किलो कांदे, अर्धा किलो टोमॅटो, कोथिंबिरीची जुडी, डझनभर केळी, खिशात ८० रुपये. दुकानदाराकडे भाव, आणि कोथिंबीर संपलेली. बाकीची बेरीज मुद्दाम १०० होऊ द्या. काहीतरी कमी करावंच लागतं आणि तिथे खरी बोलाचाली सुरू होते.

चिठ्ठ्या मराठीत किंवा चित्रांत हव्यात, नाहीतर मुलं नुसतं वाचून दाखवतात. फळ्यावर फक्त ‘कॅन आय हॅव’, ‘हाऊ मच आर द’, ‘सॉरी, वी आर आउट ऑफ’. दुसऱ्या फेरीआधी शेवटचे शब्द पुसा, तिसरीआधी सगळं.

उत्तर २
नवे शब्द दहाच घ्या, पण मापासकट. चुका मापातच होतात. आपण ‘दोन किलो बटाटा’ म्हणतो, म्हणून मुलं ‘टू किलो पोटॅटो’ म्हणतात; हवं ‘टू किलोज ऑफ पोटॅटोज’. ‘ऑफ’ शिकवलं की ‘अ डझन ऑफ बनानाज’ सुरू होतं, तिथे मात्र ‘ऑफ’ नको. जुडी म्हणजे ‘बंच’, कोबीचा गड्डा ‘हेड’, लसणाचा ‘बल्ब’, लसणाची पाकळी ‘क्लोव्ह’. लवंगही ‘क्लोव्ह’च, म्हणून ‘ऑफ गार्लिक’ जोडूनच म्हणवून घ्या. ‘ब्रिंजल’ आपल्याकडे चालतं, ते खोडू नका. परदेशी पुस्तकात ‘ऑबर्जिन’ किंवा ‘एगप्लांट’ दिसेल एवढं सांगा.

उत्तर ३
४२ मुलांचे दहा गट करा, दोन गटांत पाच-पाच. एक दुकानदार, दोन गिऱ्हाइकं, एक टिपणारा. पाचवं मूल तिसरं गिऱ्हाईक. अडल्यावर तोंडात आलेला मराठी शब्द टिपणाऱ्याने वहीत लिहायचा. पुढच्या तासाचे शब्द या यादीतून घ्या, पुस्तकातल्या चौकटीतून नकोत; मुलांना तेच हवे असतात.

शब्दांना ६ मिनिटं, नमुन्याला ४, मग ४-४ मिनिटांच्या चार फेऱ्या. दर फेरीला भूमिका फिरवा, नाहीतर हुशार मूल कायमचं दुकानदार होतं. चिठ्ठ्याही शेजारच्या गटाशी बदला. खेळ चालू असताना चूक सुधारू नका, मूल तिथेच थांबतं. पाच चुका टिपून ठेवा आणि शेवटच्या ९ मिनिटांत कुणाचंही नाव न घेता फळ्यावर घ्या.

प्रश्नकर्ती
आभार. पुढे हॉटेलचा प्रसंग घेतला तर?

उत्तर २
जरूर, पण पाटी ‘रेस्टॉरंट’ची लावा, इंग्रजीत ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची जागा. ‘पार्सल’च्या जागी ‘टेकअवे’. ‘हॉट’ गरमही आणि तिखटही, म्हणून तिखटासाठी ‘स्पायसी’ पक्कं करा. आणि ‘व्हेजिटेबल’च्या शेवटी ‘टेबल’ ऐकू येता कामा नये: ‘व्हेज्टबल’.