बेसच्या तारा उकळणं: काटकसर की खुळेपणा?

खर्जवाला
गणपतीच्या सुपाऱ्या तोंडावर आल्या आणि बेस गिटार काढली तर ईची, म्हणजे सगळ्यात जाड, तार नुसती धप्प. नवा सेट दोन-अडीच हजारांचा. म्हणून काल तारा उतरवून पातेल्यात 10 मिनिटं उकळल्या. पाणी काळपट, वर तेलाचा तवंग. बायको म्हणाली, पातेलं आता तुझंच. पुसून, पंख्याखाली वाळवून चढवल्या तर आवाज खणखणीत! माझं मत: वर्षातून दोनदा हे करा, दुकानदाराचं घर भरू नका. पटत नसेल त्यांनी बोला.

तुटकी_तार
अजिबात पटत नाही. हा खणखणाट चार दिवसांचा पाहुणा. शिवाय खुंटीवर वळलेली तार सरळ करून परत वळवली की तिथेच कमजोर होते. माझी एची तार ऐन कार्यक्रमात, दुसऱ्या अंतऱ्याला गेली. धुवायच्याच तर एका बाजूने बंद केलेल्या पीव्हीसी पाइपात स्पिरिट ओतून रात्रभर बुडवा. मळ तेलकट असतो, त्यात सुटतो, आणि स्पिरिट उडून जातं, ओल मागे राहत नाही. गॅसपासून लांब मात्र!

जुना_धुरळा
मळाच्या मागे का लागलात सगळे? मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसे. त्याची बेस 1962 ची फेंडर प्रिसिजन, आणि काय तो गोल, भरदार आवाज!

तुटकी_तार
काका, त्याच्या तारा फ्लॅटवाउंड. वरून गुळगुळीत. आपल्या राउंडवाउंडच्या वेटोळ्यांत घाम आणि कातडीचा भुसा बसतो, तार कुठे जड कुठे हलकी होते, मग वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या कांबी) सूर हलतो. तुमचा 'गोल आवाज' आमच्या गायकाला बेसूर ऐकू येतो.

जुना_धुरळा
गायक आधीच बेसूर असेल.

खारा_वारा
तारांवरून भांडताय, गिटारच्या मानेकडे कोण बघणार? चार तारांचा ताण 70-80 किलोचा, त्यात आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात लाकूड ओल पितं. ईची तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा, सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली लोखंडी सळई) पाव फेरा आवळा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. बोटं फिरतात त्या रोजवुडच्या पट्टीला वर्षातून एकदा लेमन ऑइलचे दोन थेंब, लगेच पुसून. पॉलिश केलेल्या मेपलला काहीच नको.

खर्जवाला
आम्ही खोबरेल लावतो. काय बिघडलंय?

खारा_वारा
नाक बिघडलंय तुमचं. खोबरेल खवट होतं. उद्या पातेल्याबरोबर गिटारही तुमच्याकडेच राहील.

खर्जवाला
बरं, फट बघितली. तीन कार्डं सरकली! पण रॉड आवळायला घरातली 5 मिमीची अॅलन की (षटकोनी किल्ली) आतच जात नाही.

खारा_वारा
ठोकू नका. 4 ची बघा, आणि सैल फिरली तर फेरा मारूच नका. खोबणी घासली की मान उतरवावी लागते.