प्रतिसाद: आमोसाने नेमके काय सांगितले

बायबलमधील संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणारे, हे मुख्यतः भविष्य सांगणारे होते, असे मत या चर्चेत मांडले गेले आहे. मला ते अपुरे वाटते. इसवी सनपूर्व आठव्या शतकात, इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याच्या भरभराटीच्या राजवटीत, दक्षिणेकडील यहूदा राज्यातील तकोवा येथील मेंढपाळ आणि उंबरांची निगा राखणारा आमोस उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात जाऊन बोलला, तेव्हा त्याचा रोख समोरच्या वर्तमानावर होता: माप लहान करून दाम वाढवणारे, खोटी तागडी वापरणारे व्यापारी आणि पायतणाच्या एका जोडासाठी गरिबाला विकणारे लोक. इस्राएलमधील बेथेल या उपासनास्थळाच्या अमस्या याजकाने (पुरोहिताने) त्याला यहूदात परत जाण्यास बजावले, त्यावर आपण संदेष्टा नव्हतो आणि संदेष्ट्याचा पुत्रही नव्हतो, परमेश्वरानेच आपल्याला कळपामागून उचलून पाठवले, असे त्याने निर्भयपणे सांगितले. हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. इस्राएल लोक बंदिवासात जातील हे त्याचे भाकीत या अन्यायाचा परिणाम म्हणूनच येते, पुढे इ. स. पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोन अश्शूरी (असिरियन) सैन्याच्या हाती पडले. होशेय, यशया आणि मीखा या इतर संदेष्ट्यांचे ग्रंथही तत्कालीन राजांच्या नावांनीच सुरू होतात, त्यामुळे श्रोते आणि राजवट आधी समजून घेऊन मग भाकितांकडे वळावे, असे मी सुचवीन.