मदत हवी आहे: शाहीर साबळ्यांची जुनी कॅसेट वाचवायची आहे

नमस्कार मंडळी. सातारा, वाई किंवा कराडकडं जुन्या कॅसेट डिजिटल करून देणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का?

आमच्या आबांनी ऐन तरुणपणी जत्रेत शाहिरांचा कार्यक्रम टेप केला होता. शाहीर पसरणीचे, म्हणजे वाईच्या उशालाच, त्यामुळं आबांच्या लेखी ते घरचेच. २०१५ साली शाहीर गेले तेव्हा आबांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आता कुठंही राज्यगीत लागलं की शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगतात, "आपल्या शाहिरांचा आवाज हाय!"

फितीवर पांढरी बुरशी धरलीय आणि फीत दाबून धरणारा स्पंजचा तुकडा निखळलाय. त्यात कॅसेट स्क्रूची नाही, चिकटवलेली. टेपला लावायचा धीर होत नाही, फीत अडकून तुटली तर संपलंच. बुरशी साफ करून फीत दुसऱ्या डबीत घालणारा माणूस हवा. स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करणारे नकोत, तसलं एक दुकान पाहून झालंय.

कुरिअरनं पाठवायला आबांची साफ ना. समोर बसूनच करून घेणार म्हणतात (आणि बसतीलच). पैशाचं आधी सांगितलं तर बरं.

कुणाकडं 'महाराष्ट्राची लोकधारा'च्या अशाच जत्रेतल्या टेपा असतील तर तेही कळवा, आबांना घेऊन ऐकायला येतो.