वजन उतरल्यावर उरलेली कातडी: विम्याने खर्च द्यावा की नाही?

वैशाली, नाशिक

परवा 'सातारकर' यांनी इथे लिहिले की वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी काढून घेणे ही हौस आहे, आणि तिचा खर्च विमा कंपनीकडे मागणारे लोक इतरांच्या हप्त्यांवर स्वतःचे रूप सुधारून घेऊ पाहतात. दोन दिवस मी गप्प राहिले, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२०२१ साली माझे वजन १२४ किलो होते आणि इन्सुलिन घेऊनही साखर आटोक्यात येत नव्हती. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४०च्या वर असल्यामुळे स्लीव्ह शस्त्रक्रियेचा, म्हणजे जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा, दावा कंपनीने मंजूर केला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दीड वर्षात वजन ६८ किलोवर आले आणि इन्सुलिन सुटले. पोटाची कातडी मात्र तशीच राहिली. मी उभी राहिले की तिची खालची कड मांडीला लागते. त्या घडीच्या आत वारा जात नाही. मार्च ते जून या काळात मी दिवसातून तीनदा ती घडी उचलून पुसते, जुन्या सुती साडीचे वीतभर तुकडे फाडून आत ठेवते आणि शाळेत मधल्या सुट्टीत ते बदलते, कारण दुपारपर्यंत कापड ओले होते आणि त्याला वास येऊ लागतो. गेल्या वर्षी घडीतली चीर चिघळून मला ताप भरला आणि चार दिवस रुग्णालयात राहून शिरेतून प्रतिजैविके घ्यावी लागली. त्या चार दिवसांचे बिल कंपनीने दिले. तीच कातडी काढण्याचा दावा मात्र फेब्रुवारीत एका ओळीत फेटाळला: सौंदर्य शस्त्रक्रिया, वगळलेली बाब.

दर उन्हाळ्यात ती घडी चिघळावी आणि दर वेळी कंपनीने चार दिवसांचे बिल भरावे, यात हप्ता भरणाऱ्या इतरांचे कोणते हित आहे, हे मला सातारकरांनी सांगावे.

सातारकर

ताई, तुमचा त्रास खोटा आहे असे मी म्हटलेले नाही. पण माझे म्हणणे मी मागे घेत नाही. माझ्या आईवडिलांच्या पॉलिसीचा हप्ता मी अकरा वर्षे भरतो आहे. वडिलांच्या बायपासच्या वेळी खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून कंपनीने सगळ्या बिलातच त्या प्रमाणात कपात केली आणि सव्वा लाख रुपये मला खिशातून भरावे लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण आमच्या नूतनीकरणाच्या वेळी मूळ हप्ताच इतका वाढवला गेला की सवलत हाताला लागलीच नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेला पैसे कमी पडतात तिथे दंडाची आणि मांडीची कातडी आवळून घेण्याचा खर्च त्याच थैलीतून जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. वजन वाढू देताना कोणी विचारले नाही आणि उतरल्यावरचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हे मला पटत नाही.

शरद, निवृत्त विमा अधिकारी, पुणे

एकतीस वर्षे दावे तपासले आहेत, म्हणून कलमापासून सुरुवात करतो. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामक प्राधिकरणाने, २०१९ साली वगळण्याच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्याआधी लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया अनेक पॉलिसींत सरसकट वगळलेली असे. आता बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणे) यांसारखे आजार असतील आणि इतर उपाय निष्फळ ठरले असतील, तर ती द्यावी लागते. वैशालीताईंचा पहिला दावा त्याच कलमाखाली मंजूर झाला.

प्लास्टिक सर्जरीचे कलम वेगळे आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, अथवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार, एवढेच अपवाद त्यात आहेत. वजन घटल्यानंतरच्या कातडीचा उल्लेख त्यात नाही. घडीतला ओलावा हा 'तातडीचा' धोका आहे असे कोणता तपासनीस लिहून देईल? करारात जे नाही ते सहानुभूतीपोटी देऊ लागलो तर हप्त्याचे गणित कोलमडते. हे कठोर वाटेल, पण आम्हाला हेच शिकवले गेले आणि ते चुकीचे नव्हते.

डॉ. मंजिरी, प्लास्टिक सर्जन, कोल्हापूर

शरदराव, तुम्ही कलम बरोबर सांगितले, पण 'तातडीचा' या शब्दावर येऊन थांबलात. त्याच्याच पुढच्या वाक्यात वैद्यकीय गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करायची आहे, असे म्हटलेले आहे. ज्या घडीमुळे वर्षभरापूर्वी शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली, ती घडी म्हणजे थेट धोका आहे असे मी विनासंकोच लिहून देईन. आणि शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर ते ज्याने करार लिहिला त्याच्या विरुद्ध लावायचे, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी विम्याच्या प्रकरणांत अनेकदा मान्य केले आहे.

सातारकर 'आवळून घेणे' म्हणतात, तिथे दोन वेगळ्या शस्त्रक्रियांची गल्लत होते. नुसता लोंबणारा पदर कापून काढायचा ती पॅनिक्युलेक्टमी. पोटाचे स्नायू शिवून घट्ट करायचे, बेंबी नव्या जागी आणायची, कमरेला आकार द्यायचा ती ॲब्डोमिनोप्लास्टी. पहिलीत रुग्णाला कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्रण मिळतो, नळ्या लावून घरी जावे लागते आणि जखमेत पाणी साचण्याची भीती असते. रूपासाठी एवढे कोणी सोसत नाही. वर्षानुवर्षे ताणलेल्या कातडीतले लवचीक तंतू तुटलेले असतात, त्यामुळे व्यायामाने किंवा मालिशने ती पूर्ववत होत नाही.

कायद्याची नजर कुठे अडते त्याचे आणखी एक उदाहरण सांगते. आरोग्यसेवेला जीएसटी नाही, पण कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीला ती सूट नाही. जन्मजात दोष, वाढीतील विकृती किंवा इजा यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करायची असेल तरच सूट मिळते. वजन उतरलेल्या माणसाच्या बिलावर त्यामुळे कर चढू शकतो, म्हणजे विमा नाही आणि वर कर आहे.

शरद, निवृत्त विमा अधिकारी, पुणे

डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुरेसे असते तर दावे तपासायला माणसे लागली नसती. वैशालीताई, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या दाव्यासोबत रुग्णालयाचे जे अंदाजपत्रक जोडले होते, त्यावर शस्त्रक्रियेचे नाव काय होते?

वैशाली, नाशिक

'बॉडी कॉन्टूरिंग, पोट आणि दंड', म्हणजे शरीराला आकार देणे. हे मी आधी लिहायला हवे होते. दंडांचे नाव मी घेतले नव्हते. काउंटरवरच्या मुलीने विचारले, विमा आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाली की दोन्ही एकत्र टाकू, मंजूर झाले तर झाले. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला केवळ पोटाचा तोंडी खर्च एक लाख साठ हजार सांगितला होता. अंदाजपत्रक तीन लाख चाळीस हजारांचे निघाले.

अरुणा, ठाणे

खरा चोर इथे आहे. माझ्या नवऱ्याच्या हर्नियाच्या वेळी हेच झाले. पहिल्या दिवशी पंच्याऐंशी हजार सांगितले आणि कार्ड पुढे करताच तीच खोली, तेच डॉक्टर, तीच जाळी असताना एक लाख सत्तर हजारांचे पॅकेज झाले. विचारले तर उत्तर मिळाले की तुमच्या खिशातून थोडेच जाते आहे! विमा कंपन्यांना शिव्या देण्याआधी रुग्णालयांचे दरपत्रक भिंतीवर लावायला लावा.

डॉ. मंजिरी, प्लास्टिक सर्जन, कोल्हापूर

अरुणाताई, 'चोर' या शब्दाला माझा आक्षेप आहे. कॅशलेसच्या बिलाचे पैसे टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) महिनोन्महिने येत नाहीत, त्यातही कपात होते, आणि त्या काळात परिचारिकांचे पगार थांबवता येत नाहीत. माझे वीस खाटांचे रुग्णालय आहे. गेल्या दिवाळीला माझे अकरा लाख रुपये तीन कंपन्यांकडे अडकलेले होते.

सातारकर

म्हणून विमा असलेल्याकडून दुप्पट घ्यायचे? डॉक्टर, मग माझ्या वडिलांच्या बिलात हातमोजे आणि कापूस यांचे नऊ हजार रुपये कोणत्या थकबाकीसाठी होते? मी तीन आठवडे त्या एका कागदासाठी खेटे घातले आहेत आणि काउंटरवर माझ्याशी ज्या भाषेत बोलले गेले ती मी आयुष्यात विसरणार नाही.

डॉ. मंजिरी, प्लास्टिक सर्जन, कोल्हापूर

ते समर्थनीय नाही, आणि माझ्याकडे तसे होत नाही, एवढेच मी सांगू शकते. सगळ्या पेशाला एका दोरीत बांधू नका. रात्री दोन वाजता भाजलेला माणूस आला की त्याचे कार्ड आम्ही आधी विचारत नाही.

अरुणा, ठाणे

तुमच्यासारखे असतील, पण आमच्या वाट्याला आले नाहीत. आणि पॅकेज फुगले की पुढच्या वर्षी हप्ता फुगतो. तो सातारकर भरतात, मी भरते, वैशालीताईही भरतात. राग मात्र निघतो तो वजन उतरवलेल्या बाईवर.

शरद, निवृत्त विमा अधिकारी, पुणे

दरांवरचे भांडण महिनाभर चालेल. ज्या शब्दाने दावा पडला, त्याकडे परत येऊ. 'बॉडी कॉन्टूरिंग' वाचल्यावर मीसुद्धा तो दावा नाकारला असता, तेही चहा संपायच्या आत. फक्त पोटाचा पदर, वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि गेल्या वर्षीचे डिस्चार्ज कार्ड, एवढेच समोर आले असते तर मला वाचत बसावे लागले असते. मंजूर केला असता असे मी म्हणत नाही. वाचत बसावे लागले असते.

मेधा, न्यू जर्सी

इथे सगळे सुरळीत आहे असा तिकडे समज असतो, म्हणून लिहिते. माझ्या जावेने इथे ११ महिने हे भांडण केले. इथल्या कंपन्या पॅनिक्युलेक्टमी देतात, पण साधारणपणे पदर जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) खाली आलेला हवा, पुरळ किंवा संसर्ग औषधोपचार करूनही तीनेक महिने हटलेला नसावा, आणि वजन सहा महिने स्थिर असावे. समोरून आणि बाजूने काढलेले फोटो जोडावे लागतात. स्वतःच्या बैठकीत उभे राहून, पोट उघडे करून, नवऱ्याकडून फोटो काढून घेताना ती रडली होती. पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण औषधे तिने दुकानातून परस्पर घेतली होती आणि डॉक्टरांच्या कागदावर पुरळाची नोंदच नव्हती. दुसऱ्या अपिलात पोट मंजूर झाले, मांड्या झाल्या नाहीत.

स्तनाच्या कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी मात्र इथे १९९८ सालापासून केंद्रीय कायदा आहे आणि स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या विमा योजनेला पुनर्रचनाही द्यावी लागते. एका आजाराच्या उपचारातून उरलेले व्यंग उपचाराचाच भाग ठरते आणि दुसऱ्याचे हौस ठरते. हा फरक वैद्यकाने केलेला नाही.

प्रकाश, जळगाव

मी शस्त्रक्रियेविना ५२ किलो उतरवले. चार वर्षे ज्वारीची भाकरी, ताक आणि रोज पहाटे मेहरूण तलावाला फेऱ्या. माझी कातडीही ताईंसारखीच लोंबते आणि जळगावचा मे महिना कोणाला सांगायला नको. माझ्याकडे तर बॅरिॲट्रिकची, म्हणजे लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेची, फाइलसुद्धा नाही. सातारकर म्हणतात वजन वाढू देताना कोणी विचारले नाही. पहाटे साडेचारला उठून मी ते उतरवले, तेव्हाही कोणी विचारले नाही. माझ्या पॉलिसीला सहा वर्षे झाली आहेत. पाच वर्षांनंतर दावा नाकारता येत नाही म्हणतात, ते मला लागू होईल का?

शरद, निवृत्त विमा अधिकारी, पुणे

नाही. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला वाद घालता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पॉलिसीत जी बाब कायमची वगळलेली आहे ती त्यामुळे आत येत नाही. हा गैरसमज एजंट पसरवतात.

वैशालीताई, तुमच्यासाठी लिहितो. कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी पत्र द्या आणि त्यातून दंडांच्या कातडीचा खर्च काढून टाका. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो, आणि कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. तुम्ही जिंकाल असे मला वाटत नाही. पण प्रयत्न न करण्याजोगे प्रकरण हे नाही, इतके मान्य करतो.

सातारकर

प्रकाशरावांचे वाचले. दंड आणि मांड्यांबद्दल माझे मत तेच आहे आणि ते बदलणार नाही. पोटाच्या बाबतीत, जिथे संसर्गाने रुग्णालयात राहावे लागले आहे तिथे, 'हौस' हा शब्द मी वापरायला नको होता. वाढीव बिलांवर मात्र मी स्वतंत्रपणे लिहिणार आहे आणि तिथे डॉक्टरांनी उत्तर द्यावे.

वैशाली, नाशिक

दंडांबद्दल तुमचे बरोबर आहे, सातारकर. लांब बाह्यांचे ब्लाउज घालून माझे भागते, त्यासाठी मी कोणाकडे पैसे मागणार नाही. अंदाजपत्रक न वाचता मी सही केली, ही चूक माझी.

शरदकाका, पत्र आज लिहायला घेतले. अडचण मेधाताईंच्या जावेसारखीच आहे. तीन वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे मी दोनदाच गेले. एरवी क्लोट्रिमॅझोलची बुरशीनाशक पावडर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणत राहिले, कारण घडीतल्या खाजेसाठी दर महिन्याला रजा टाकून डॉक्टरकडे जाणे सुचलेच नाही. आत्ता दुकानदाराला फोन केला होता. माझ्या मोबाइल क्रमांकावरची २०२३ पासूनची बिले त्याच्या संगणकात आहेत आणि उद्या शाळा सुटल्यावर तो ती छापून देणार आहे.