कुंभार्ली घाटात जीप दम तोडते : पंप, कार्बोरेटर की आणखी काही?

पाटणचा_शेतकरी :
1974 ची महिंद्रा जीप, पेट्रोल, हरिकेन इंजिन. दादांनी मागची बाकडी काढून हौदा बसवला, तेव्हापासून तीच आमची पिकअप. चिपळूणहून पाच-सहाशे किलो माल भरून घाट चढायला लागलो की दोन-तीन वळणं नीट जाते, मग गचके आणि मग हळूहळू मान टाकते. चोक थोडा ओढला की जरा सावरते. दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही. रिकामी असली तर एका दमात वर.

कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) दोनदा खोलून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, फुंकले. टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या एसी कंपनीच्या पंपाला नवा डायफ्राम (आतला पडदा) घातला. टाकीपर्यंतच्या पाइपात हवा मारली, आत बुडबुडे ऐकू आले. प्लग-पॉइंट नवे. पेट्रोल तापून वाफ धरू नये म्हणून पंपावर ओलं फडकंही बांधून झालं, तेही भर श्रावणात, वरून देव पाणी ओततच होता. गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटरच बदला. मन घेत नाही.

नाना_फिटर :
कार्बोरेटर राहू द्या. चोक ओढल्यावर सावरते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, एवढं इंजिनानंच सांगितलं. पण खात्री करा, कारण प्लगला करंट देणारा कॉईल-कंडेन्सर तापून गेला तरी गाडी थंड झाल्यावर अशीच शहाण्यासारखी चालू होते. बंद पडली की लगेच एअर क्लीनर काढा आणि कार्बोरेटरच्या घशात बघत ॲक्सिलेटर दाबा. पिचकारी उडाली तर करंटकडे वळा. कोरडं असेल तर फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची जागाच, रिकामी झालीय.

कोरडं निघालं तर टाकी बाजूला ठेवून बघायचं. पाच लिटरचा डबा घ्या, त्यातून नवी नळी थेट पंपाला द्या आणि तसाच माल भरून चढवा. डबा टाकीच्या उंचीलाच ठेवा. वर टांगलात तर पेट्रोल आपोआप उतरेल आणि मेलेला पंपही जिवंत वाटेल. नळी मॅनिफोल्डपासून (इंजिनाच्या धुराच्या तापल्या पाइपापासून) लांब, डबा घट्ट बांधलेला, विडीवाला माणूस गाडीत नको.

पुणेरी_स्पॅनर :
एवढा खटाटोप कशाला? मोडीतून एखाद्या नव्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप आणा, विषय संपला.

नाना_फिटर :
अहो, नव्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप 40 पीएसआयच्या पुढच्या दाबानं पेट्रोल ढकलतो. हा कार्बोरेटर तीनच्या आसपास जगतो. फ्लोटची सुई उचलली जाईल आणि पेट्रोल तापल्या इंजिनावर सांडेल. शेतकऱ्याची जीप जाळायचीय का?

पाटणचा_शेतकरी :
नाना, घसा ठणठणीत कोरडा होता. डब्यावर तेवढाच माल घेऊन घाटमाथ्याला न थांबता आलो. म्हणजे पंप निर्दोष, दोष त्याच्या मागे. आता टाकी उतरवू?

नाना_फिटर :
आधी टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का बघा. झाकण सैल ठेवूनही तसंच होत असेल, तर चॅसीच्या पाइपापासून पंपापर्यंतची वीतभर रबरी नळी काढा आणि उभी चिरा. वरून चांगली दिसते म्हणून सोडू नका.

पाटणचा_शेतकरी :
सापडलं! झाकण ठीक होतं. नळी बाहेरून काळी कुळकुळीत, पण चिरली तर आतला थर फुगून सुटलेला, जिभेसारखा लोंबत होता. पंपानं जोरात ओढलं की ती जीभ भोकावर चिकटायची, गाडी थांबली की परत सैल. आम्ही हवा मारली ती उलट्या दिशेनं, त्यामुळे दरवेळी रस्ता मोकळाच दिसला.

नाना_फिटर :
जुनं रबर आणि इथेनॉलचं पेट्रोल, दोघांचं जमत नाही. नवी नळी घेताना इथेनॉलला टिकणारीच मागा, आणि क्लिपा दोन्ही टोकांना नव्या. ओढणाऱ्या बाजूला बारीक चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली डाग दिसत नाही आणि माणूस फसतो.

पाटणचा_शेतकरी :
म्हणजे आमचाच ऊस कारखान्यात जाऊन आमच्याच जीपची नळी खातोय म्हणा की. नळी बदलली, काल खताची बारा पोती घेऊन आलो, चोकला हात लावला नाही. चिरलेली नळी गॅरेजवाल्याच्या टेबलावर ठेवून आलोय. पठ्ठ्या बराच वेळ बोट घालून बघत होता.